भंडारा न उचललेलं घर

"गावानं ठरवलंय," असं फोनवरचा तरुण म्हणाला आणि मला हसू फुटलं. खंडोबाच्या यात्रेत माझा सत्कार करायचं ठरलंय. शाल, श्रीफळ, फेटा, शिवाय वेशीवर फ्लेक्स आणि त्यावर 'गावची सुकन्या' असं लिहून माझा फोटो. फोटो जरा हसरा पाठवा, असंही त्याने सुचवलं. मी विचारलं, गावाने म्हणजे नेमकं कुणी ठरवलं? तो गडबडला. "म्हंजे... गावानंच की, मॅडम." या एका उत्तराच्या मागे मी हयात घालवली आहे. परदेशातल्या थंडगार सभागृहांत बसून, जाडजूड पुस्तकं लिहून, विद्यार्थ्यांना छळून मी एवढंच विचारत आले, की ठरवलं म्हणजे कुणी ठरवलं, आणि ज्याला विचारलंच नाही त्याने ते का मानायचं. आमच्या धंद्यात याला आंतरराष्ट्रीय कायद्याची अधिमान्यता म्हणतात. शब्द असा आहे की या वयात तो उच्चारताना कवळी सांभाळावी लागते. आमच्या सोसायटीतले निवृत्त फौजदार मला भेटले की हमखास म्हणतात, ज्या कायद्याला फौजदार नाही तो कसला कायदा? हा प्रश्न जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला, असं त्यांच्या चेहऱ्यावर असतं. मी मान डोलावते आणि भाजी घेऊन वर येते.

आमचं गाव राहुरीपासून एसटीने थोडं आत, कालव्याच्या कडेला. गावाची वेळ कारखान्याच्या भोंग्यावर चालायची. पहिल्या भोंग्याला आई चूल पेटवायची, दुसऱ्याला तात्या, म्हणजे माझे वडील, बैल सोडायचे. हंगामात सगळ्या गावाला मळीचा आंबूस वास यायचा आणि पाहुण्यांनी नाक धरलं की गावकऱ्यांना अभिमान वाटायचा. आमचं घर दोन खणांचं, पुढे पडवी, आणि मागच्या अंगाला एक बुटकी भिंत. भिंतीपलीकडे आत्याचं घर. सोनाआत्या तात्यांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सासर गावातच, त्यामुळे नवऱ्याच्या वाट्याची जमीन धरून ती एकटी राहायची. स्वतः औत धरायची, दिवसभर मिसरी लावायची आणि गावातल्या प्रत्येक पुरुषासाठी तिची एक स्वतंत्र शिवी ठरलेली असायची. आई मात्र कमी बोलायची. बाजरीची भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा आवाज एकसारखा चाले, आणि तो अडखळला की तिला काहीतरी पटलेलं नाही हे आम्हाला कळायचं. हुलग्याचे शेंगोळे तिच्यासारखे मी नंतर कुठेही खाल्ले नाहीत. लसणाचा वास भिंत ओलांडून आत्याकडे जायचा आणि पलीकडून आवाज यायचा, "पारे, वाटीभर इकडं बी येऊ दे गं!" आत्याला स्वतःला स्वयंपाक येत नव्हता. तिच्या आमटीत एक तर मीठ नसायचं, नाहीतर मीठच असायचं.

मी सातवी पास झाले त्या उन्हाळ्यात गावावर मोठं संकट आलं. गावातली एक मुलगी राहुरीच्या हायस्कुलात जायची. ती एसटी स्टँडवर वर्गातल्या दोन मुलांबरोबर भेळ खाताना दिसली. बस्स, एवढंच. भेळ खाल्ली. कालव्याचं पाणी टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतांपर्यंत कधी पोचत नव्हतं, दवाखान्यात डॉक्टर नव्हता, शाळेच्या पत्र्यातून ऊन खाली यायचं, त्यावर कधी गाव जमलं नाही. पण भेळेवर जमलं. पुढाकार अण्णांचा. अण्णा म्हणजे कारखान्याचे डायरेक्टर, गावातली पहिली मोटारसायकल त्यांची, आणि बोलताना डोळे मिटायची त्यांना सवय. डोळे मिटून बोलणारा माणूस समोरच्याचं ऐकत नसतो, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. खंडोबाच्या देवळात बैठक झाली. प्रत्येक घरचा कारभारी, म्हणजे अर्थातच पुरुष, ओळीने बसला. गुरवाने ताटात भंडारा आणला, हळदीवर बेलाची पानं. ज्याने त्याने चिमूटभर उचलून कपाळाला लावायची आणि म्हणायचं, की माझ्या घरातली पोरगी सातवीच्या पुढे राहुरीला शाळेत धाडणार नाही. एकदा बेलभंडारा उचलला की संपलं. त्याला कागद लागत नाही, साक्षीदार लागत नाही, फौजदार तर नाहीच लागत. मोडणाऱ्याच्या घरादाराचं देव बघून घेतो.

अण्णांनी विचारलं, "कोनाचं काय म्हननं हाय का?" कुणी बोललं नाही. "मग समद्यांना मान्य," असं म्हणून त्यांनी पहिली चिमूट उचलली. पुढे मी मोठमोठ्या परिषदांना जाऊ लागले. तिथे अध्यक्ष चष्म्यावरून सभागृहभर नजर फिरवतो, आक्षेप नाही असं दिसतं म्हणतो, टेबलावर हातोडी आपटतो, आणि जगाचा एक नियम तयार होतो. मागच्या रांगेत छोट्या देशांचे प्रतिनिधी पाण्याच्या ग्लासकडे बघत बसलेले असतात. त्यांच्या गप्प राहण्याला सहमती म्हणायची आमच्यात पद्धत आहे. सूट घातलेली ही माणसं बघून मला दर वेळी आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप दिसायचा आणि दर वेळी तितकाच तिटकारा यायचा. फरक म्हणाल तर तिथे कॉफी मिळते.

तात्या घरी आले तेव्हा त्यांचं कपाळ पिवळं होतं. मला हायस्कुलात घालायचं त्यांनीच कबूल केलं होतं, तसं घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेनं सांगितलंही होतं. आता ते पडवीत बसले आणि पायातली वहाण काढायलाही विसरले. आईच्या बांगड्या थांबल्या.

"उचलला?"

"समद्यांनी उचलला."

"समद्यांचं न्हाई इचारलं. तुमी उचलला का?"

"व्हय."

"पोरीला काय सांगू?"

तात्यांना आता वहाण काढायचं आठवलं. गावात भांडण लागलं तर दोघांनाही बरोबर म्हणणारा माणूस होता तो. सगळं गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. ज्याच्याकडून कधीच अडचण होत नाही त्याला गाव तेच म्हणतं. मी आत गोधडीत तोंड खुपसून रडले. दुःखापेक्षा मला राग जास्त आला होता आणि तो अण्णांचा नव्हता. अण्णांकडून मी कसलीच अपेक्षा केली नव्हती.

शाळा सुरू झाली. सकाळची एसटी फाट्यावर थांबायची, हॉर्न द्यायची आणि निघून जायची. मी शेरडांमागे. महिनाभरात बातमी आली की अण्णांची स्वतःची मुलगी, माझ्याच वर्गातली, नगरला मामाकडे आठवीत दाखल झाली. कालव्यावर धुणं धुताना अण्णांच्या बायकोनेच सगळ्या बायकांसमोर सांगितलं. "भंडारा राहुरीचा हुता. नगरचं कुटं काय बोलनं झाल्तं?" आणि गंमत अशी, की गावाने ते मानलं. पुरुषांनी माना डोलावल्या, बरोबर आहे म्हणाले, राहुरीचाच होता. मोठी राष्ट्रं करार मोडत नाहीत, असं मी वर्गात सांगत असे. ती कराराचा अर्थ लावतात. मोडायची वेळ फक्त गरिबावर येते, कारण अर्थ लावायला त्याचा मामा नगरला नसतो.

आमचाही नव्हता. आई धुण्याचा पिळा डोक्यावर घेऊन परत आली, तो उतरवलाच नाही, तशीच भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. पलीकडे आत्या शेंगा फोडत होती.

"वन्सं, त्या दिशी देवळात तुमच्या घरचं कोन गेल्तं?"

"माज्या घरचं कोन हाय जायाला? मेलेला जातोय काय!"

"तुमाला बलावलं हुतं?"

"रांडमुंड बाईला कोन बलावतंय? मोजतात कुटं मला घरात?"

"मग तुमच्या घरानं भंडारा उचलला न्हाई," आई म्हणाली.

आत्याचा हात थांबला. मग ती हसायला लागली. तिचं ते मिसरीचं काळं हसू अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. गावाने घरटी भंडारा उचलून घेतला होता आणि एकूण एक घर बांधून टाकल्याच्या समाधानात सगळे झोपले होते. विधवेचं घर हेही घर असतं, तिथे चूल पेटते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. वगळायची सवय इतकी जुनी, की आपण वगळलंय हेसुद्धा कळलं नाही. माझ्या व्याख्यानांत हे ऐकून विद्यार्थी भारावतात. म्हणतात, म्हणजे मॅडम, तुमच्या आईला करारांच्या कायद्याचं तत्त्व कळलं होतं. मला या भारावण्याची चीड आहे. आईला कसलं तत्त्व कळलेलं नव्हतं. तिला मला एसटीत बसवायचं होतं. आत्यालाही न्यायाबियाचं प्रेम नव्हतं. तिला शेरडं राखायला आणि शेण काढायला हक्काचं कुणीतरी हवं होतं, आणि अण्णांना खिजवायला तर काहीही चाललं असतं. परदेशातल्या एका प्राध्यापकमहाशयांनी माझ्या लेखावर शेरा मारला होता, की या मुद्द्याला आधार द्या. तळटीपेत आत्या कुठे बसवू?

त्याच संध्याकाळी आईने माझी वळकटी बांधली आणि तात्यांसमोर ठेवली.

"तुमी भंडारा ह्या घराचा उचललाय ना?"

"व्हय."

"मग हिला ह्या घरातून काढा. आजपासनं ही वन्संच्या घरची. तितून शाळेला जाईल. तुमचा देव बी खुश आन् पोरगी बी."

तात्यांनी वळकटीची दोरी चाचपून बघितली. आईला वाटलं, आता हे हो म्हणतील आणि चहा मागतील. ते म्हणाले, "काढली तर खरीच काढावी लागंल, पार्वती. खोटी काढून चालनार न्हाई."

"काढा की खरी," आई घाईत म्हणाली. वाक्य कसं का असेना, काम झाल्याशी मतलब. तिने माझा हात धरला आणि भिंतीला वळसा घालून मला पलीकडे नेऊन सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीत चढले आणि तिसऱ्या दिवशी अण्णा चार माणसं आणि गुरव घेऊन आत्याच्या अंगणात आले. गुरवाच्या हातात ताट होतं. आत्या उखळावर बसली होती, उठली नाही.

"सोनाबाय, गावाचा ठराव हाय. तुमी बी उचला भंडारा," अण्णा डोळे मिटून म्हणाले.

"उचलते की. कवा बसायचं देवळात?"

"देवळात कशाला? हितंच उचला. ताट आनलंय."

"न्हाई अण्णा. समद्या कारभाऱ्यांनी देवळात बसून उचलला. मला बी त्याच वळीत बशिवा. मग उचलते."

"बायामानसं वळीत बसायची रीत न्हाई."

"मग रीतीत माजं घर न्हाई. आन् घर न्हाई तर भंडारा कशाचा उचलू?" आत्याने तोंडातली मिसरी बाजूला थुंकली. "बशिवनार असाल तर नीट इचार करून बशिवा. आज भंडाऱ्याला कारभारीन म्हनून बसले, तर उंद्या पान्याच्या बैठकीला बी बसनार. माज्या रानाच्या पान्याची पाळी दर खेपंला कोन खातंय ते तिथं इचारनार. बोला, कवा येऊ?"

अण्णांचे डोळे उघडले. आत्याच्या रानाची पाळी कोण खात होतं हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण खाणारा समोर उभा होता. गुरवाने ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढला. "बाईच्या तोंडी कोन लागनार," असं म्हणून अण्णा वळले. पुन्हा त्या अंगणात कुणी ताट आणलं नाही. पुढच्या जूनमध्ये आमच्या गावातल्या विधवांना एकाएकी मुली झाल्या. जिला कुणी पाणी विचारत नव्हतं अशा म्हातारीच्या ओसरीवर शाळेचं दप्तर दिसू लागलं. पोरी रात्री आईबापांकडे जेवायच्या, झोपायच्या आणि सकाळी विधवेच्या दारातून एसटी धरायच्या. सगळ्यांना सगळं माहीत होतं. तो ठराव गावाने रद्द मात्र कधी केला नाही. आज गावच्या पोरी डॉक्टर आहेत, फौजदार आहेत, एक तर पुण्यात वकिली करते, आणि गावाच्या कायद्याने त्या सगळ्या अजून गुन्हेगार आहेत. माझ्या सत्काराचा ठराव याच देवळात झाला असणार.

बाकीच्या पोरी आपापल्या घरी जेवत होत्या. फक्त मीच जेवत नव्हते. पहिल्या रविवारी मी भिंत ओलांडून घरी गेले, नेहमीसारखी चुलीपाशी बसले. आईने ताट वाढलं. तात्या उठले, ताट उचलून तिच्यापुढे सरकवलं आणि शांतपणे म्हणाले, "अक्काच्या पोरीला वाढायचं तर पाव्हन्यासारखं पडवीत वाढ. आपल्यातली म्हनून चुलीपाशी नको." आईला आधी वाटलं चेष्टा आहे. मग तिचा चेहरा उतरला. ती भांडली, रडली, शेजारच्या पोरींची उदाहरणं दिली. तात्या एवढंच म्हणाले, "त्यांचं त्यांच्यापाशी. म्या उचललाय." तिने एक युक्ती काढली होती आणि नवऱ्याने ती शब्दशः खरी धरली होती. कायद्यात आम्ही अशा सोयीच्या खोट्याला कल्पित म्हणतो, सगळ्यांनी मिळून वरवर खरं मानायचं आणि मनातून कुणीच मानायचं नाही. तात्यांना हा प्रकार कळत नव्हता, किंवा कळून नको होता.

तेव्हापासून मॅट्रिक होईपर्यंत मी आत्याची अळणी आमटी खाल्ली आणि भिंतीपलीकडून शेंगोळ्यांचा वास घेतला. चंपाषष्ठीला रोडगा आणि वांग्याचं भरीत शेजाऱ्यांकडे पाठवतात तसं आमच्याकडे यायचं, फडक्याखाली झाकून. आई कालव्यावर भेटली की माझे केस विंचरायची, डोळे पुसायची, पण घरी बोलवायची तिची हिंमत राहिली नव्हती. तात्या पांदीत समोरून आले की परक्या मुलीला वाट द्यावी तसे बाजूला होऊन खाली बघत उभे राहायचे. एकदा मला सणकून ताप आला तेव्हा दारात येऊन त्यांनी आत्याला विचारलं, "काय आनू का राहुरीतून?" औषध आणून उंबऱ्यावर ठेवलं आणि गेले. आत यायला काय झालं होतं? मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. चांगली माणसं मला समजावतात, की शपथ मोडली असती तर देवाचा कोप पोरीवरच झाला असता, म्हणून बाप घाबरला असेल, हेही प्रेमच. असेल. मला तसलं प्रेम नको होतं. मला त्यांनी माझ्याकडे बघायला हवं होतं.

लोक नियम का मानतात याच्या आमच्या शास्त्रात तीन-चार ठरीव उत्तरं आहेत. शिक्षेच्या भीतीने, फायद्यासाठी, किंवा नियम योग्य रीतीने झाला असं वाटतं म्हणून. गावातल्या बाकी सगळ्यांना मी या खणांत बसवू शकते. अण्णांना फायद्यात, गुरवाला भीतीत. तात्यांना कुठेच बसवता आलं नाही. नियम अन्यायाचा आहे हे त्यांना ठाऊक होतं, गावाने तो टाकून दिलाय हे डोळ्यांना दिसत होतं, आणि त्यात त्यांचं एकुलतं लेकरू गेलं होतं. तरीही अख्ख्या गावात तो भंडारा पाळणारा हा एकच माणूस. माझ्या एकाही पुस्तकात त्यांच्यावर ओळ नाही. विद्वानांनी टाळ्या वाजवल्या असत्या, प्रामाणिकपणाचं केवढं उदाहरण म्हणाले असते. असल्या प्रामाणिकपणाला टाळ्या वाजवायला बाहेरचा माणूस लागतो.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी मी राहुरीहून दुपारच्या गाडीने आले. शाळेत पहिली आले होते. आत्याने आनंदाने मला आधी एक शिवी दिली, मग गुळाची ढेप फोडली आणि ताट माझ्या हातात दिलं, येईल त्याला दे म्हणाली. आई भिंतीशी उभी राहून पदराने तोंड झाकून रडत होती. लोक येत होते, गूळ घेत होते. सगळ्यात शेवटी तात्या आले. टोपी सरळ केली होती, धुतलेलं धोतर नेसले होते, परगावच्या लग्नाला निघाल्यासारखे.

"अक्का, तुजी पोरगी पास झाली म्हनं."

"झाली. साळंत पैली आली."

"लई चांगलं झालं," तात्या म्हणाले. "चांगली सांभाळलीस."

आत्याला राहवलं नाही. सख्ख्या भावालाही ती सोडत नसे. "आन् तुज्या पोरीचं काय रं, रामा?"

तात्यांनी ताटातला गुळाचा एक खडा उचलला. ताट माझ्याच हातात होतं, मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

"माजी सातवीलाच थांबली," ते म्हणाले, आणि खडा तोंडात टाकून घराकडे निघून गेले.